बाटवलेला माल

कारखान्याच्या मागच्या अंगाला, कुंपणाच्या भिंतीला टेकून, पत्र्याची एक शेड होती. तिथं जे काम चालायचं त्याला सरकारी कागदात लांबलचक नाव होतं. कामगार मात्र सरळ म्हणायचे, 'बाटवणं'. मक्यापासून गाळलेलं अल्कोहोल गाड्यांच्या इंधनात घालायला डेपोकडे जायचं. ते तसंच बाहेर सोडलं तर वाटेतच लोक पिऊन संपवतील. म्हणून ते फाटकाबाहेर पडायच्या आत पिण्यालायक राहू द्यायचं नाही, असा कायदा होता. एकदा टाकी बाटवली की तो माल इंजिनाच्या पोटात जाणार, माणसाच्या नाही.

हे बाटवायचं काम बारा वर्षं एकच माणूस करत होता. सगळे त्याला कडूदादा म्हणायचे.

सकाळी सरकारी खात्याचा सीलवाला साहेब यायचा आणि टाकीच्या झाकणाचं शिशाचं सील तोडायचा. कडूदादा तोंडाला फडकं बांधून बसायचा, ताजव्यात पांढरी पूड तोलायचा, बादलीत कालवायचा आणि शिडी चढून टाकीत ओतायचा. मग पेट्रोलची तोटी सोडायची, अर्धा तास पंप फिरवायचा, नमुन्याची बाटली भरायची. साहेब पुन्हा सील ठोकायचा. त्या पुडीला सगळे 'कडू' म्हणत. नावाप्रमाणेच होती ती. जिभेवर कण जरी पडला तरी दिवसभर पाणीसुद्धा घशाखाली उतरायचं नाही.

नवं पोरगं कामाला लागलं की हमखास विचारायचं, "कडूदादा, हे नाव काय आईनं ठेवलं का?" आणि दात काढायचं. अक्करमाशा पोरालाही कडूच म्हणतात, हे सगळ्यांनाच ठाऊक. हा शांतपणे म्हणायचा, "आईनं नाही बाबा, सरकारनं ठेवलं."

घरी मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हातमोजे फाटके, आणि धडके असते तरी पूड शिवणीतून आत शिरायचीच. राखेनं घासले, साबणानं घासले, तरी हात कडूच. ज्या पेल्याला हात लावेल तो पेला कडू, दाराची कडी कडू. त्याची बायको, घरातली थोरली, त्याला भात वाढायची तो लांबून. तो चमच्यानं खायचा आणि चमच्याच्या दांड्यालाही चिंधी गुंडाळलेली. अंगणाच्या पलीकडच्या खोलीत त्याचा धाकटा भाऊ, भावाची बायको आणि त्यांची सहा वर्षांची चिमी राहायची. थोरलीला मूल नव्हतं, त्यामुळे चिमी दोन्ही घरांची. पण कडूदादानं कधी तिच्या गालाला हात लावला नाही. एकदा न राहवून लावला होता. पोरीनं तेच बोट तोंडात घातलं आणि संध्याकाळपर्यंत रडत राहिली.

धाकट्याला कारखान्यात चिकटवला तो कडूदादानंच. त्याआधी धाकटा वीटभट्टीवर होता, बांधकामावर होता, आणि सगळीकडून दारूपायी हाकलला गेला होता. कडूदादानं कारखान्याच्या केमिस्टच्या पाया पडून शब्द टाकला होता, "साहेब, माझ्या भरवशावर घ्या." केमिस्टनं त्याला टँकर धुवायला लावलं. पहिल्याच आठवड्यात धाकट्यानं भरणीच्या रबरी पाइपातून गळणारे थेंब ओंजळीत धरून तोंडात टाकले आणि दिवसभर थुंकत राहिला. धुण्याच्या ओट्यावरचे सगळे पोट धरून हसले. त्यानंतर तीन वर्षं तो कोरडा होता. जवळपास गुत्ता नव्हता, लांबच्या दुकानातली परवडत नव्हती, आणि इथं हाताशी समुद्र होता पण सगळा कडू. धाकटा शपथेनं सुधारला नव्हता, कडूनं सुधारला होता, हे कडूदादाला चांगलं माहीत होतं.

उन्हाळा चढला. विहिरी तळाला गेल्या, शेतात काम उरलं नाही, गावातल्या निम्म्या घरांची चूल कारखान्यावर चालायला लागली. अशात एक दिवस साहेबानं शेडमधल्या टेबलावर कागद पसरला.

"पहिल्या तारखेपासून कडू बंद," तो म्हणाला.

"म्हणजे?" कडूदादानं तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"गाड्यांच्या इंजिनात साका धरतोय म्हणे. वरून आदेश आलाय. आता नुसतं पेट्रोल. शंभर लिटरला तीन. कडूचा अंश जरी सापडला तरी डेपो माल परत पाठवणार."

कडूदादानं कागद ओढून वाचला. मग म्हणाला, "साहेब, मग ते पिता येईल की."

साहेब हसला. "पेट्रोल पिणार कोण? तू पिणार?"

शेजारी उभा केमिस्टही हसला. दोघं हसले म्हटल्यावर कडूदादाही हसला.

उरलेले कडूचे दोन डबे कपाटात ठेवले. परत पाठवायचा कागद येईल तेव्हा जातील, असं ठरलं. कपाटाची किल्ली कडूदादाच्याच कमरेला राहिली.

तीन आठवड्यांनी एका सुटीच्या दिवशी थोरलीनं त्याचा हात धरला, तळवा नाकाशी नेला आणि जिभेचं टोक लावून पाहिलं. मग त्याच्यासमोर कलिंगड आणि सुरी ठेवली. बारा वर्षांत त्यानं घरात काही चिरलं नव्हतं. फोडी वेड्यावाकड्या झाल्या. चिमी लांब उभी होती.

"ये," तो म्हणाला. "आता नाही कडू."

पोरगी आईकडे बघत बघत पुढं आली आणि त्याच्या हातची फोड तिनं दातांनी तोडली. रस कोपरापर्यंत ओघळला. "गोड आहे!" ती ओरडली, जशी काही कलिंगड गोड असतं हे तिला आजच कळलं होतं. थोरली पदरानं डोळे पुसत आत गेली. धाकटा उंबऱ्यावर बसून हसत होता. त्या हसण्यात काहीतरी सैल होतं, पण त्या दिवशी कडूदादाला ते दिसलं नाही.

दिसलं ते पुढच्या आठवड्यात. भर दुपारी तो धुण्याच्या ओट्याकडे गेला, तर पाचही धुणारे टँकरच्या सावलीत कोंडाळं करून बसलेले. मधे एक बादली. त्यांच्यात शिट्टी म्हणून एक जण होता. टँकरच्या पोटात उतरून खरवडायचं काम तो करायचा आणि आत असेपर्यंत सतत शिट्टी वाजवायचा, म्हणजे बाहेरच्यांना कळावं, गडी शुद्धीवर आहे. तोच आज पुढारी होता.

"या दादा, जादू बघा," शिट्टी म्हणाला.

बादलीत पाइपांतून निथळलेला माल होता. शिट्टीनं त्यात तांब्याभर पाणी ओतलं. माल दुधासारखा पांढरा झाला. थोड्या वेळानं वर तेलकट थर तरंगायला लागला. शिट्टीनं त्यावर चिंधी अलगद फिरवली, पिळून टाकली, पुन्हा फिरवली.

"हे गेलं पेट्रोल. आता घटकाभर उन्हात ठेवलं की झालं. इतकी वर्षं सरकारनं झाकण लावून ठेवलं होतं, आता त्यांनीच काढलं. आपण नुसती फुंकर मारली."

"सगळं नाही निघत रे त्यानं," कडूदादा म्हणाला. "आत राहतंच. आग लावेल पोटात."

"पोटात आगच आहे की, दादा," शिट्टी म्हणाला आणि सगळे हसले.

धाकट्याच्या हातात पेला होता. कडूदादानं त्याचं मनगट धरलं आणि त्याला टँकरच्या मागं ओढत नेलं.

"किती दिवस चाललंय?"

"थोडीच घेतो रे."

"किती दिवस?"

"आजच. चिमीची शपथ. उद्यापासून हात लावणार नाही."

कडूदादा शेडमध्ये परत आला आणि स्टुलावर बसून राहिला. केमिस्टला सांगावं तर पाचही जण जाणार. चोरी म्हणजे नुसतं काम नाही, तुरुंग. पहिला जाणार धाकटा, आणि त्याच्यासाठी ज्यानं शब्द टाकला तोही. न सांगावं तर... त्यानं 'तर' च्या पुढं विचार करायचं टाळलं. भावानं शपथ घेतली होती. त्या शपथेवर विश्वास नव्हता, पण शपथ आहे म्हटल्यावर गप्प बसायला सोपं गेलं.

अकरा दिवस गेले. अकराव्या दिवशी दुपारी शिट्टी एका टँकरच्या पोटात उतरला. वरून ऊन, आत भट्टी. शिट्टी ऐकू येत होती, मग ती मधेच तुटली. ओट्यावरच्यांना वाटलं, दम खातोय. कडूदादा शेडच्या दारात होता. तो पळत आला आणि झाकणातून वाकला. शिट्टी आत पालथा पडला होता, तोंड त्याच्याच ओकारीत. कडूदादानं आत उतरून त्याच्या पट्ट्याला दोर बांधला आणि वरच्या दोघांनी त्याला ओढून काढला. ओठ निळे पडलेले, छाती फाटक्या भात्यासारखी वाजत होती आणि तोंडाला पेट्रोलचा उग्र वास.

दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "ओकारी फुप्फुसात गेली आहे. पेट्रोलनं फुप्फुसं आतून भाजलीत." दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी गेला.

कारखान्याच्या कागदात लिहिलं गेलं की उन्हामुळं चक्कर येऊन माणूस टँकरमध्ये पडला. ते खोडून काढायची कुणालाच घाई नव्हती. ओट्यावरचे चौघे खाली मान घालून पाइप धूत राहिले.

चौथ्या दिवशी शिट्टीची बायको फाटकाशी आली. त्याचे बूट आणि डबा न्यायला. वयानं लहानच होती, पण चालत होती म्हातारीसारखी. पहारेकऱ्यानं सामान आणून देईपर्यंत ती भिंतीला धरून उभी राहिली. कडूदादा नेमका तेव्हा बाहेर पडत होता.

"दादा," तिनं हाक मारली. "तुम्ही तर तिथंच असता. तुम्हीच वर काढलंत म्हणे त्यांना. काय झालं होतं हो?"

कडूदादाच्या जिभेवर शब्द आला होता. पण पाठीमागं चार पावलांवर धाकटा उभा होता.

"ऊन फार होतं, बाई," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. "हो ना. ऊन फारच आहे यंदा."

दुसऱ्या दिवशी सील मारून झाल्यावर कडूदादा साहेबासमोर उभा राहिला. साहेब खुर्चीत, हा उभा. दुसरी खुर्ची होती, पण तिच्यावर फायली होत्या.

"साहेब, कडू परत सुरू करा."

"का?"

"लोक पितात."

साहेबानं पेन खाली ठेवलं. दार बंद आहे ना, ते पाहिलं. "कोण पितं?"

"पितात, एवढं सांगतो. पाणी घातलं की पेट्रोल वर येतं. तुम्ही करून बघा."

"मला माहीत आहे ते," साहेब हळू आवाजात म्हणाला. "आदेश आला तेव्हाच मी वर लिहिलं होतं. उत्तर नाही. आता पुन्हा लिहितो, पण नुसतं 'पितात' लिहून चालत नाही. कुठं, कसं, कोण, ते लागतं. तू लेखी दे. एक नाव दे. माणूस मेलाय, हे त्यांना कागदावर दिसायला हवं."

त्यानं कोरा कागद पुढं सरकवला. कडूदादानं पेन उचललं. शिट्टीचं नाव लिहिलं तर मेलेल्या माणसावर चोरीचा ठपका, बायकोला मिळायचं तेही बुडणार. बाकीच्यांची लिहिली तर त्यात धाकटा. घामानं कागदाचा कोपरा ओला झाला.

"उद्या देतो, साहेब."

"उद्या म्हणजे कधी नाही," साहेब म्हणाला, पण त्यानं कागद ओढून घेतला नाही. कडूदादानंच त्याची घडी करून खिशात घातली.

शिट्टीच्या मरणानं ओट्यावर पाच दिवस सुतक असल्यासारखं होतं. सहाव्या दिवशी बादली पुन्हा सावलीत आली.

धाकट्याची बायको दुपारी थोरलीकडे आली, पदराआड एक प्लास्टिकची बाटली घेऊन. "जाऊबाई, लाकडांच्या मागं सापडली," ती म्हणाली. "बसल्या जागी खोकतात, ओकतात. काल चिमीला ओळखलं नाही. भाऊजींना सांगा ना काहीतरी."

संध्याकाळी कडूदादानं बाटली अंगणात ओतली. धाकटा धावून आला. त्यानं आधी बाटलीला हात घातला, ती रिकामी दिसली तेव्हा भावाला धक्का मारला. कडूदादा दगडावर पडला, कोपर फुटलं. धाकटा तिथंच बसला आणि मातीतल्या ओल्या डागाकडे बघत रडायला लागला. "मी काय मुद्दाम करतो का रे," तो म्हणत होता. "समोर असतं. दिवसभर समोर असतं, दादा."

त्या वाक्यानं कडूदादाचं ठरलं.

सकाळी साहेब यायच्या आत त्यानं कपाट उघडलं. डब्यात नखाएवढा चमचा घातला. टाकीला हात लावायचा नव्हता, टाकी सरकारची. त्यानं पूड थोड्या पाण्यात कालवली आणि ओट्यावर टांगलेल्या तिन्ही पाइपांच्या तोंडांना आतून बोटानं चोपडली. बादलीच्या तळालाही. जे निथळतं तेवढंच कडू व्हावं, एवढाच त्याचा हिशेब.

दुपारी ओट्यावरून थुंकण्याचे आवाज आले. एक जण ओरडला, "आयला, कडू आलं परत!" धाकटा पाण्याच्या नळाशी वाकून चुळा भरत होता. चुळा भरता भरता त्यानं शेडकडे पाहिलं. कडूदादा पंपाचा काटा बघत राहिला.

चार दिवस बरे गेले. पहिल्या दिवशी धाकट्याचे हात कापत होते, दुसऱ्या दिवशी तो कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो दोनदा भात मागून जेवला. चौथ्या दिवशी त्यानं चिमीचा फाटका बूट शिवला. धाकटीनं थोरलीच्या स्वयंपाकघरात येऊन नुसतं सांगितलं, "जेवतायत." दोघी जावा तिथंच खाली बसल्या.

पण त्याच पाइपांनी टँकर भरले जात होते. पाइपाला चोपडलेलं कडू पाइपातच थोडंच राहणार! पाचव्या दिवशी रस्त्यावर धुरळा उठला आणि गेलेले सहाच्या सहा टँकर एकामागोमाग परत आले. डेपोनं नमुने तपासले होते, सगळ्यांत कडूचा अंश. नाकारलेला माल. टाक्या आधीच भरलेल्या, हा माल ओतायचा कुठं? दुपारपर्यंत गाळप थांबवावं लागलं. भोंगा अवेळी वाजला तसे सगळे काम टाकून बाहेर आले.

केमिस्टनं ओट्यावरच्या चौघांना उन्हात रांगेत उभं केलं. "पाइप तुमच्या ताब्यात असतात. कुणी केलं? पोलीस येईपर्यंत इथून कुणी हलणार नाही. टोप्या काढा."

चौघांनी टोप्या काढल्या. पायाखालची फरशी तापलेली. धाकट्याचे ओठ पांढरे पडले होते. पोलीस आले तर पाइप, बादली, लाकडांमागच्या बाटल्या, सगळं बाहेर येणार होतं.

कडूदादा शेडमधून चालत आला आणि रांगेच्या पुढं उभा राहिला. "मी केलं," तो म्हणाला.

"तू?" केमिस्टला खरंच कळेना. "तू कशाला करशील?"

"बारा वर्षांची सवय. हात आपसूक गेला, साहेब."

"कपाटाला कुलूप असतं. कुलूप उघडून हात आपसूक जातो?"

सीलवाला साहेब बाजूलाच होता. त्यानं कडूदादाकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं असावं. पण त्यानं कडूदादाचंच म्हणणं धरलं. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि सहीसाठी वही पुढं केली.

ओळखपत्र काढून घेतलं, किल्ली काढून घेतली. बारा वर्षं रोज रामराम करणाऱ्या पहारेकऱ्यानं फाटकाशी त्याला थांबवलं आणि खिसे, कंबर, बूट चाचपले. "हुकूम आहे, दादा," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "मी तरी काय करू."

गाळप सुरू झालं, पाइप बदलले, नवे आले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटा घरी आला तो कमरेला शेडची किल्ली लावून.

"केमिस्ट म्हणाला, घरातलाच माणूस बरा," तो सांगत होता. "तुला काम करताना बघितलंय म्हणे मी. दोन्ही चुली चालतील, दादा. तू काळजी करू नको." बोलता बोलता त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. मोठ्या भावासारखा.

थोरलीनं अंधार पडायच्या आत दिवा लावला आणि नवऱ्याकडे बघितलं. "आधी थेंब होते," ती म्हणाली. "आता टाकी आहे."

कडूदादा मक्याच्या वखारीत पोती उचलायला जायला लागला. पन्नाशीचा माणूस, पहिल्या आठवड्यात मान वळेना. हमाल पोरं त्याला 'साहेब, सावकाश' म्हणून चिडवायची. कपडे झाडले की पिवळा कोंडा उडायचा. घरी भात व्हायचा तो धाकट्याच्या कमाईचा. तो घास गिळताना त्याला काही बोलता येत नव्हतं.

दोन आठवड्यांनी चिमी त्याच्याजवळ येऊन बसली. सहज बोलल्यासारखं म्हणाली, "बाबांच्या तोंडाला गाडीचा वास येतो."

दुसऱ्या दिवशी तो वखारीत गेला नाही. कारखान्याच्या वळणावर झाडाखाली उभा राहिला. साहेबाची जीप आली तसा रस्त्याच्या मधे गेला. साहेब उतरला. कडूदादानं खिशातून घडी घातलेला कागद काढला, जीपच्या तापलेल्या बॉनेटवर पसरला आणि पेन मागितलं.

त्यानं सावकाश लिहिलं. पाइप, बादली, पाणी, चिंधी. आता शेड, टाकी. मग भावाचं नाव. अक्षर वळणदार काढलं, लहान मूल शाळेत काढतं तसं.

साहेबानं वाचलं. "नातं लिही," तो म्हणाला. "विचारतील."

कडूदादानं लिहिलं, 'सख्खा भाऊ'. आणि खाली सही केली.

त्याच दुपारी धाकट्याला शेडमध्ये पकडलं. जेवणाच्या पिशवीत दोन बाटल्या होत्या. पोलिसांनी त्याला गावातून चालवत नेलं. लोक दारात आले. चिमीला थोरलीनं आत धरून ठेवलं होतं, तरी तिनं खिडकीतून पाहिलं. धाकटीनं रडं केलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. दोन दिवसांत बोचकं बांधलं आणि पोरीला घेऊन माहेरी निघाली. अंगण ओलांडताना थांबून एवढंच म्हणाली, "भाऊजी, मी सांगायला आले होते ते त्यांना थांबवायला. नेऊन द्यायला नाही."

धाकट्याला सात महिन्यांची कैद झाली. त्या सात महिन्यांत दुसरीकडच्या एका कारखान्यातली नऊ माणसं तशीच पिऊन मेली. मग वरून कागद फिरला, कडू पुन्हा सुरू झालं. कडूदादाला वाटलं, बोलावतील. पण शेडमध्ये आता यंत्र बसवलं होतं. ते स्वतःच तोलायचं आणि स्वतःच ओतायचं. माणूस नकोच होता.

धाकटा सुटून आला तेव्हा सकाळची नऊची वेळ होती. कडूदादा कामावर निघायच्या बेतात होता. धाकटा अर्धा झाला होता. अंगण ओलांडेपर्यंत तीनदा खोकला आणि घराच्या ओट्यावर बसला. थोरलीनं पाणी आणून दिलं. तो प्यायला.

"तुझा कागद दाखवला मला तिथं," तो म्हणाला. "वाचून दाखवला सगळ्यांसमोर."

कडूदादा उभाच होता. "शिव्या दे. मार हवं तर."

"जीव वाचला माझा. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, अजून महिना पीत राहिला असतास तर मेला असतास." त्याला खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत तो छाती धरून वाकला. मग डोळे पुसत म्हणाला, "शिट्टी असताना लिहायला हवं होतंस, दादा. तेव्हा आम्ही पाच होतो."

थोरलीनं रिकामा पेला उचलला आणि आत नेला. कडूदादानं डोक्याला फडकं बांधलं आणि कामावर गेला.

वखारीत पोत्यांची तोंडं शिवायला बायका बसायच्या. पावसाळ्यापासून त्यांच्यात शिट्टीची बायकोही होती. कडूदादा पोतं भरून आणायचा, ती दाभणानं तोंड शिवायची, मग तो ते उचलून थप्पीला लावायचा. एवढे दिवस हेच चाललं होतं. ती त्याला दादा म्हणायची, त्याच्या मानेला फडकं ओलं करून द्यायची. ज्यानं नवऱ्याला वर काढलं तो माणूस, म्हणून.

त्या दिवशी त्यानं पहिलं पोतं तिच्यापुढं ठेवलं आणि तिथंच उकिडवा बसला.

"त्या दिवशी फाटकाशी विचारलं होतंस तू," तो म्हणाला. "ऊन नव्हतं. ते पीत होते. पाइपातलं, पेट्रोलचं. मी बघितलं होतं डोळ्यांनी. माझा भाऊ त्यात होता म्हणून बोललो नाही."

दाभण कापडात अर्धं गेलं होतं. ते तिथंच राहिलं.

"किती दिवस आधी बघितलं?" तिनं विचारलं.

"अकरा."

शेजारच्या बायकांचे हात चालूच होते. लांब कुणीतरी ताडपत्री झटकत होतं, मक्याचा कोंडा उन्हात तरंगत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पोत्याच्या तोंडाकडेच बघत राहिली, इतका वेळ की कडूदादाला वाटलं, आता उठून जाईल.

"तोंड धरा," शेवटी ती म्हणाली. दादा म्हणाली नाही.

त्यानं दोन्ही हातांनी पोत्याचं तोंड आवळून धरलं. तिनं दाभण ओढून काढलं आणि पुन्हा घातलं. टाका घट्ट करताना टोक त्याच्या अंगठ्यात रुतलं. तिला ते दिसलं आणि त्यालाही. त्यानं हात हलवला नाही. तिनं टाका पुरा केला, दोरी दातांनी तोडली आणि पुढच्या पोत्यासाठी बाजूला सरकून जागा केली.